कागदावर बेस ऑइल, टाकीत काय?

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारी २०११ रोजी, मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. त्यांचा गुन्हा एवढाच, की तेलाची भेसळ पाहून ते गाडीतून उतरले. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, या फरकावर असल्या टोळ्या पोसल्या गेल्या. झोपडपट्टीतल्या स्टोव्हचे रॉकेल टँकरमध्ये मुरत होते.

हा धंदा फक्त डेपोच्या आसपास चालतो, असे कोणी समजू नये. बंदरावरही तेच गणित आहे. १९९३ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना रॉकेल आयातीची मुभा मिळाली. भेसळीची ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबर २००३ मध्ये ती आयात सरकारी व्यापार संस्थांकडे गेली. डिझेलही कोणीही उठून आणू शकत नाही. मात्र वंगण बनवण्यासाठी लागणारे बेस ऑइल खुले आहे. ही सारी तेले एकाच कच्च्या तेलातून निघतात. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. मग कागदावर नाव कोणते लिहिले, यावर सगळे ठरते. नाव बदलले की बंदी उठते!

प्रश्न केवळ महसुलाचा नाही. तेलाची वाफ किती तापमानाला पेट घेते, त्यावरून त्याचे वर्ग पडतात : २३ अंशांखाली ‘अ’, ६५ खाली ‘ब’, ९३ खाली ‘क’. साठवणुकीचा परवाना याच वर्गावर मिळतो, आणि तो देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. नाव खोटे असेल, तर खबरदारीही खोटी. स्फोट झाला तर मरणार कोण? आयातदार नव्हे, टाकी धुणारा कंत्राटी कामगार, टँकरचा ड्रायव्हर आणि क्लीनर.

अशा वेळी सरकारची तयारी काय? मार्च २०२५ मध्ये कांडला बंदरावरील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बेस ऑइल म्हणून आलेला माल प्रत्यक्षात डिझेल आहे, असे सीमाशुल्क खात्याचे म्हणणे होते. डिझेलच्या मानकात २१ कसोट्या आहेत. तपासल्या गेल्या १४. न्यायालयाने संशयाचा फायदा आयातदारांना दिला आणि सर्व कसोट्यांच्या तपासणीची सोय करण्यास सरकारला बजावले. निकालाबद्दल आमची तक्रार नाही. पुराव्याशिवाय कोणालाही दोषी धरू नये, हे तत्त्व दुबळ्यांच्याच सर्वाधिक कामाचे आहे. तक्रार आहे ती सरकारबद्दल. ज्या देशात परदेशातून जहाजे भरून तेल येते, त्या देशाच्या सरकारला २१ कसोट्यांची प्रयोगशाळा उभारता येऊ नये?

गरिबाच्या रॉकेलवर मात्र पहारा कडक होता. त्याला निळा रंग दिला, कार्डावर नोंद केली, लिटर मोजून दिले. पुढे अनुदानही गेले. मापट्याने घेणाऱ्याची झडती आणि जहाजाने आणणाऱ्याच्या मालाची अर्धवट तपासणी, ही कुठली समता?

प्रत्येक मोठ्या बंदरासाठी पूर्ण तपासणीची प्रयोगशाळा हवी, आणि बेस ऑइल पुढे कोणत्या कारखान्यात गेले याचा हिशेब हवा. नाहीतर सोनवणेंच्या स्मृतीला वाहिलेली फुले म्हणजे निव्वळ ढोंग ठरेल.