चित्रातला क्रौंच आणि माळावरचा माळढोक

जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रेखाटलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहात आजही सुरक्षित आहे. भरतपूरला हिवाळ्यात येणारा खरा क्रौंच मात्र २००२ नंतर तेथे परतला नाही. चित्र उरले, पक्षी गेला. थरच्या वाळवंटातील माळढोकाचेही असेच होणार काय, हा प्रश्न केवळ पक्षिमित्रांचा नाही.

राजस्थानात ज्याला गोडावण म्हणतात, तो हा मीटरभर उंचीचा पक्षी देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरला आहे. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने त्याचे गवताळ माळ नांगराखाली आले. पाठोपाठ पवनचक्क्या, सौरप्रकल्प आणि वीजवाहक तारा आल्या. या जड पक्ष्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही. तारांना धडकून थरमध्ये वर्षाला सुमारे १८ माळढोक मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली.

वाळवंटातील माणसाला पाणी नको, देशाला स्वच्छ वीज नको, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु उत्पादकाच्या हिशेबात जो खर्च धरला जात नाही, तो दुसऱ्या कोणाला तरी सोसावा लागतो, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. येथे तो पक्षी सोसतो, आणि ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांत गुरे चारणारा पशुपालकही सोसतो. हे सहज घडते, कारण देशातील पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत वाळूचे प्रदेशही मोडतात. जमीन एकदा पडीक ठरली, की तेथील हानी कोणाचीच हानी राहत नाही.

चित्रकाराचे खरे काम येथे सुरू होते. सेवण गवतातला गोडावण, खेजडीच्या सावलीतला चिंकारा जो बारकाईने रंगवतो, तो ही भूमी रिकामी नसल्याचा पुरावाच आपल्यासमोर ठेवतो. बाजाराचा न्याय मात्र उलटा आहे. पक्षी जितका दुर्मिळ, तितके त्याचे चित्र मोलाचे. आणि ते दिवाणखान्यात लावले, की आपले कर्तव्य संपल्याचे समाधान. आपण निरोपाचे चित्र काढतो आहोत, हे मन्सूरला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आजच्या चित्रकाराला आणि रसिकाला ती सबब उरलेली नाही.

महाराष्ट्रानेही या प्रश्नाकडे त्रयस्थपणे पाहू नये. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज तेथे एखादा पक्षी दिसला तरी ती बातमी होते. आपल्याही सातबाऱ्यावर पोटखराबा हा शब्द आहेच. जे लागवडीखाली येत नाही ते खराब, ही आपली मोजणी जोवर बदलत नाही, तोवर चित्रकार कितीही चांगला असला तरी त्याच्या हातून श्रद्धांजलीच लिहिली जाणार.