ठप्पा गाठीवर, दोष वेचणीत

कापसाच्या गाठींसाठी भारतीय मानक ब्युरोने ठरवलेले ‘आयएस १२१७१’ हे मानक केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेशाद्वारे सक्तीचे केले. ब्युरोची बहुतेक मानके ऐच्छिक असतात. असा आदेश निघाला की प्रमाणनाशिवाय माल विकता येत नाही. या आदेशाच्या अंमलबजावणीची तारीख मात्र वारंवार पुढे ढकलावी लागली. त्याचे खापर जिनिंग उद्योगाच्या आडमुठेपणावर फोडणे सोयीचे असले, तरी विदर्भातील कापूस शेतातून गाठीपर्यंत कसा पोहोचतो हे पाहिल्यास दोष आदेशाच्या क्रमातच असल्याचे दिसते.

जिनिंग कारखान्यात कापसातून सरकी वेगळी होते आणि उरलेल्या रुईची साधारण १७० किलोची गाठ बांधली जाते. यंत्राने पालापाचोळा बराचसा निघतो, परंतु कापसात मिसळलेला परका धागा सहसा सुटत नाही. वेचणीची मजुरी किलोवर ठरत असल्याने मजूर बाईला बोंडाबरोबर येणारी वाळकी पाने निवडत बसणे परवडत नाही, आणि वेचलेला कापूस खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यांत भरला जातो. या पोत्याचा सुटलेला तंतू रुईतून सुतात आणि सुतातून कापडात जातो, आणि तो रंग धरत नसल्याने रंगाईनंतर तागाभर ठिपके उमटतात. अशा मालाची जबाबदारी एकट्या जिनिंगवाल्यावर टाकणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

याच्या मुळाशी भाव आहे. हमीभावाने खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्याहून ओला माल नाकारते. ओलावा मोजण्याचे यंत्र असल्याने निदान याबाबत वाद कमी होतात. कचरा, तंतूची लांबी, ताकद आणि मायक्रोनेअर, म्हणजे तंतूची सूक्ष्मता व पक्वता दाखवणारा आकडा, यांची पारख मात्र बाजार समितीत बहुधा हाताने आणि नजरेनेच होते. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस आणि फरदडीचा कवडीमिश्रित माल यांच्या भावात मोजून दाखवता येईल असा फरक पडत नसेल, तर शेतकरी जास्तीची मजुरी आणि कापडी पिशव्यांचा खर्च कशासाठी करील?

सरकारने या क्षेत्राकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या चार भागांपैकी पहिला संशोधनाचा, तर चौथा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाचा होता, आणि त्याने अनेक कारखान्यांचा कायापालट झाला. नागपुरात तर १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, शिवाय ‘सिरकॉट’ या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्रही आहे. त्यामुळे ज्ञानासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. कमी पडली ती स्वस्त, जवळची आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी तपासणी.

अमेरिकेने हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला. तेथे १९३७ च्या स्मिथ-डॉक्सी कायद्याने शेतकऱ्यांच्या गटांना प्रतवारीची सेवा सरकारतर्फे विनामूल्य मिळू लागली, आणि १९९० च्या दशकापासून जवळपास प्रत्येक गाठीचा नमुना ‘एचव्हीआय’ या एकाच वेळी अनेक गुणधर्म मोजणाऱ्या यंत्रावर तपासला जातो. आता ती सेवा सशुल्क असली, तरी सवय आणि विश्वास या दोन्ही गोष्टी आधी सरकारी खर्चाने रुजल्या होत्या. आपल्याकडे ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाने प्रमाणित कापसाचा ब्रँड पुढे आणला गेला. त्याचा जास्तीचा भाव वेचणाऱ्या हातापर्यंत किती पोहोचतो, हे मंत्रालयाने जाहीर करावे.

पुढच्या मुदतीची अधिसूचना काढण्यापूर्वी मंत्रालयाने यवतमाळ, वर्धा, अकोला आणि अमरावतीच्या मोठ्या बाजार समित्यांत तपासणीची सोय उभारावी, पहिले काही हंगाम तिचा खर्च स्वतः सोसावा आणि हमीभावाच्या खरेदीत कचऱ्याच्या प्रमाणानुसार भावाचे टप्पे ठरवावेत. जिनिंगवाल्यांकडून प्रमाणपत्र मागण्याचा हक्क मंत्रालयाला त्यानंतरच्या हंगामापासून खुशाल बजावता येईल.