नालफेक शिकताना

घोड्याचा नाल घराच्या उंबरठ्यावर वा दाराच्या चौकटीवर ठोकलेला आपण पुष्कळ ठिकाणी पाहिला असेल. तो तेथे कोणत्या समजुतीने ठोकतात, या वादात आज शिरावयाचे नाही. याच नालाचा एक अगदी निरुपद्रवी आणि मोकळ्या हवेतला उपयोग अमेरिकेतील शेतकरी व कामकरी कुटुंबांनी शोधून काढला आहे. जमिनीत दोन लोखंडी खुंटे रोवावयाचे, एका खुंट्यापाशी उभे राहावयाचे आणि दुसऱ्या खुंट्याभोवती नाल नेऊन अडकवावयाचा. चर्चच्या वार्षिक सहली, आप्तेष्टांचे मेळावे, गावोगावच्या शेतकी जत्रा यांत हा खेळ वर्षानुवर्षे चालत आला आहे. खुद्द व्हाइट हाउसच्या आवारातही थोरले जॉर्ज बुश यांनी १९८९ साली त्यासाठी जागा तयार करवून घेतली होती. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले, नातवंडे आज त्या देशी नांदत आहेत. त्यांच्याकडे उन्हाळ्यात जाण्याचा योग आला, तर कोणीतरी हसतमुखाने आपल्या हाती दोन नाल ठेवील असा संभव आहे. तेव्हा हा खेळ शिकावा कसा, याविषयी थोडे लिहितो.

प्रथम साहित्य पाहू. खेळातला नाल म्हणजे नालबंदाच्या दुकानातला नाल नव्हे. तो मुद्दाम ओतून वा घडवून केलेला असतो, घोड्याच्या नालापेक्षा पुष्कळ मोठा आणि जड असतो. नियमाप्रमाणे त्याचे वजन अधिकात अधिक २ पौंड १० औंस, म्हणजे सुमारे १ किलो २०० ग्रॅम असू शकते. दोन टोकांमधील तोंडाची रुंदी ३½ इंचांहून अधिक असता कामा नये. खुंटा १ इंच जाडीचा असतो. तो जमिनीवर १४ ते १५ इंच उभा राहतो आणि समोरच्या खुंट्याकडे सुमारे ३ इंच झुकलेला असतो. झुकलेल्या खुंट्यात आलेला नाल उसळून परत जाण्याऐवजी अडकून राहण्याचा संभव वाढतो. खुंट्याभोवती चिकणमातीचा वा वाळूचा खळगा असतो. जाणते खेळाडू ओलसर चिकणमातीच पसंत करतात, कारण तीत नाल पडला की रुततो. वाळूत तो घसरतो आणि कडक जमिनीवर तर कोठच्या कोठे उड्या मारीत जातो.

दोन खुंट्यांमधील अंतर ४० फूट. फेकणाऱ्याने आपल्या बाजूच्या खुंट्याच्या पुढे ३ फुटांवर जी रेघ असते, तिच्या मागे राहावयाचे. म्हणजे प्रत्यक्षात नाल ३७ फूट तरी गेला पाहिजे. रेघेपुढे पाऊल पडले, तर नाल खुंट्यात जाऊन बसला तरी त्याचे गुण मिळत नाहीत. स्त्रिया, मुले आणि सत्तरी ओलांडलेले पुरुष यांना हेच अंतर १० फुटांनी कमी करून दिलेले आहे. खुंटा तोच, नाल तोच, नियमही तेच. केवळ उभे राहण्याची जागा पुढे. या एका सवलतीमुळे आजोबा आणि धट्टाकट्टा नातू यांचा सामना खरोखरीचा सामना होतो. आजोबांना मुद्दाम जिंकू देण्याचा जो एक केविलवाणा प्रकार घरोघरी चालतो, त्याची येथे गरज पडत नाही.

गुणांची रीतही साधी आहे. प्रत्येकाने पाळीपाळीने दोन दोन नाल फेकावयाचे. नाल खुंट्याभोवती असा बसला की त्याच्या दोन टोकांवर सरळ पट्टी आडवी ठेवली असता ती खुंट्याला लागत नाही, म्हणजे ‘रिंगर’ झाला; त्याचे ३ गुण. रिंगर नसेल, पण नाल खुंट्यापासून ६ इंचांच्या आत पडला असेल, तर जो सर्वांत जवळचा त्यास १ गुण. मात्र प्रतिपक्षाचा रिंगर आपला रिंगर खाऊन टाकतो. माझे दोन आणि तुमचा एक असेल, तर एकास एक वजा होऊन मला ३ गुण मिळतील. चारही नाल एकाच खुंट्यात गेले, तर दोघांच्याही पदरी काही नाही! १९६५ साली न्यू हॅम्पशायरमधील कीन या गावी झालेल्या जागतिक स्पर्धेत एक सामना असाच लांबत गेला. दोन्ही खेळाडूंनी प्रत्येकी १९४ नाल फेकले तेव्हा कोठे निकाल लागला, आणि दोघांच्याही रिंगरांचे प्रमाण शेकडा नव्वदीच्या घरात होते. अंगणातील सामने बहुधा २१ गुणांचे असतात. नवशिक्याला तेवढे पुष्कळ झाले.

आता मुख्य मुद्दा. नवा माणूस नाल हाती घेतो तेव्हा त्याचे सारे लक्ष नेमाकडे असते. गोट्या खेळताना, लगोरी फोडताना, विटी झेलून परत फेकताना आपणही तेच केलेले असते. वस्तू अचूक जागी पोहोचली की काम झाले. येथे मात्र नेम अचूक साधूनही काम होत नाही. नाल खुंट्यावर बरोबर आदळला, पण त्याची पाठ पुढे असली, तर तो ठण्‌कन वाजून दूर फेकला जाईल. तो आडवा आला तरी तीच गत. खुंट्यापाशी पोहोचण्याच्या क्षणी नालाचे तोंड खुंट्याकडे उघडे असले पाहिजे. त्या तोंडात खुंटा शिरून जाण्यास दोन्ही बाजूंची मिळून जागा उरते अवघी अडीच इंच. म्हणून नालफेक शिकणे म्हणजे नेम शिकणे थोडे आणि फिरकी शिकणे फार.

ही गोष्ट खेळणाऱ्यांच्याही ध्यानात यावयास वेळ लागला. १९१० साली कॅन्सस राज्यातील ब्रॉन्सन येथे पहिली जागतिक म्हणविलेली स्पर्धा झाली. ती फ्रँक जॅक्सन यांनी जिंकली. त्या वेळी खुंटे जमिनीवर जेमतेम २ इंच उभे असत. एवढ्याशा खुंट्यात नाल टिकणार किती? पुढे १९१४ साली कॅन्सस सिटीत संघटना स्थापन होऊन नियमांना एकसारखेपणा आला, खुंटेही टप्प्याटप्प्याने उंच होत गेले. १९२० साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावच्या जॉर्ज मे यांनी नाल उघड्या तोंडाने खुंट्यापाशी नेण्याच्या पद्धतीवर विजेतेपद मिळविले, आणि मग बाकीच्यांना आपल्या फेकीचा फेरविचार करणे भाग पडले.

फिरकीचे प्रकार सांगावयाचे तर मराठी भाषेने आपली चांगलीच सोय करून ठेवली आहे. इंग्रजी खेळाडूला ज्यासाठी ‘एक आणि एक चतुर्थांश फेरी’ असे लांबलचक बोलावे लागते, ती आपली नुसती सव्वा. तशीच पावणेदोन आणि तशीच पाऊण. नाल जमिनीशी समांतर धरला आहे अशी कल्पना करावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याने तोंड डावीकडे ठेवून धरला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने त्याने सव्वा फेरी घेतली, तर तोंड बरोबर समोर येते. तोंड उजवीकडे ठेवून धरला, तर त्याच दिशेने पावणेदोन फेऱ्या लागतात. कागदाचा नाल कातरून जेवणाच्या मेजावर फिरवून पाहा, म्हणजे क्षणात उमगेल. याखेरीज नालाची पाठ हातात धरून त्याला कोलांटी द्यावयाचीही एक रीत आहे. ती चटकन जमते, म्हणून सहलीला आलेले लोक बहुधा तीच करतात. परंतु कोलांटी घेऊन आलेला नाल खुंट्यावरून उसळतो फार. ज्याला मनापासून शिकावयाचे आहे त्याने सव्वा फेरीपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

पकड अशी. तोंड डावीकडे असताना नालाची जी बाजू आपल्या अंगाकडे येते ती धरावी. अंगठा वर सपाट, पहिली दोनतीन बोटे खालून आतल्या कडेला वळलेली, आणि तोल सांभाळावयास करंगळी. आवळून धरू नये. दोन्ही पाय सरळ खुंट्याकडे करून उभे राहावे. हात मागे जाताना नाल उभा असावा आणि पायाला लागून गेल्यासारखा जवळून जावा. लंबक जसा एकाच रेषेत हलतो तसा. हात पुढे येताना डावे पाऊल एक टाकावे. त्याच वेळी मनगट हळूच वळून नाल आडवा होतो, आणि हात डोळ्यांच्या उंचीला आला की नाल सुटतो. फिरकी या वळण्यातूनच आपोआप मिळते. वेगळा झटका देऊन ती आणू गेल्यास दर खेपेस निराळी येते, आणि मनगट दुखते ते निराळेच. नाल डोक्याहून उंच कमान घेऊन उतरावा. सपाट मारलेला नाल खुंट्याखालून घसरून पुढे जातो.

हवेत नाल एक-सव्वा सेकंद असतो. तेवढ्यात त्याची सव्वा फेरी पुरी झाली पाहिजे, कमी नको आणि अधिक नको. यावरून आणखी एक गोष्ट निघते. बरेच जण नवशिक्याला सोपे जावे म्हणून पंधरा-वीस फुटांवरून फेकावयास लावतात. अंतर कमी झाले की हवेतला वेळ कमी होतो, आणि फिरकीचा हिशेब चुकतो. मग खरे अंतर आले की शिकलेले सारे विसरावे लागते. तेव्हा आपल्या वयाला जे अंतर नियमाने नेमून दिले आहे, त्याच अंतरावरून पहिल्या दिवसापासून फेकावे. नालाच्या एका टोकाला पांढरा रंग लावावा, म्हणजे फेऱ्या डोळ्यांना मोजता येतात. तोंड दर खेपेस उजवीकडे ढळत असेल, तर फिरकी अधिक होत आहे. पकड नखभर सरकवून पाहावी, आणि त्या पकडीने निदान दहा नाल फेकल्यावाचून पुन्हा बदलू नये.

येथे नवशिक्यापुढे खरी कसोटी उभी राहते. ‘जवळ गेल्याला मोल केवळ नालफेकीत’, अशा अर्थाची एक म्हण अमेरिकेत सर्वतोमुखी आहे. ती त्या एका गुणावरून आली. हा एक गुण मोठा मायाळू आहे. नाल वेडावाकडा, भेलकांडत गेला, तरी खुंट्याजवळ चिखलात रुतला की गुण हाती पडतो. अशा एकेका गुणावर अंगणातले २१ गुण कोणीही मिळवू शकतो. फिरकी शिकू पाहणाऱ्याचा नाल मात्र आरंभी भलतीकडे पडतो, खुंट्यावर आपटून दहा फूट दूर जातो, आणि तो मेव्हण्याकडून, भाच्याकडून, शेजाऱ्याकडून हरत राहतो. लोक हसतात. पुष्कळ जण या हसण्याला कंटाळून शिकणे सोडतात आणि पुन्हा चिखलातला एक गुण पत्करतात. तेच लोक वीस वर्षांनंतरही तसेच खेळत असलेले दिसतात, आणि त्यांना आपला खेळ चांगला आहे असे प्रामाणिकपणे वाटत असते. ज्याला रिंगर हवा आहे त्याने एक अख्खा उन्हाळा हरण्याची तयारी ठेवली पाहिजे. घरच्यांनी त्याला सरावाच्या वेळी गुण मोजावयास लावू नये. नाल उघड्या तोंडाने आला की नाही, एवढेच विचारावे.

पुढे जाऊन कोणती फिरकी ज्याची त्याने ठरवावी. ओहायोतील डिफायन्स गावचे अ‍ॅलन फ्रान्सिस यांनी १९८९ साली पहिले पुरुष विश्वविजेतेपद मिळविले आणि त्यानंतर वीसांहून अधिक वेळा ते पटकावले. ते नाल फेकतात तो उलट्या दिशेने पाऊण फेरी देऊन. त्यांचे शंभरांतले नव्वदच्या आसपास नाल खुंट्यात जातात. पण त्यांची नक्कल पहिल्याच दिवशी करू नये. प्रत्येक हाताची एक चाल असते, ती सापडेपर्यंत धीर धरावा.

दोन शब्द सावधगिरीचे. हे किलोभर लोखंड आहे. फेकणारा फेकीत असताना इतरांनी त्याच्या मागे उभे राहावे. लहान मुले समोरच्या खळग्यापाशी खेळत असतील, तर खेळ थांबवावा, मग सामना कितीही रंगलेला असो. पन्नास नाल फेकले म्हणजे हाताने जवळजवळ साठ किलो वजन झुलविले, हेही ध्यानात असू द्यावे. पहिल्या दिवशी त्याहून अधिक फेकू नये. निकाल दोघांना मान्य होण्यापूर्वी पडलेल्या नालाला कोणी हात लावू नये. चार नाल पडले की दोन्ही खेळाडू बरोबरच चालत पलीकडे जातात, वाकून पाहतात, गुण ठरवितात आणि तेथूनच उलट दिशेने फेकावयास लागतात. ही चाळीस फुटांची ये-जा सामन्यात कितीतरी वेळा होते. एरवी एकमेकांशी फारसे न बोलणारे बापलेक या वाटेवर बरेच बोलून जातात.

खेळ संपल्यावर खळग्यातली चिकणमाती पाण्याने शिंपडून गोणपाटाने झाकून ठेवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती विटेसारखी होते. नाल धुऊन, पुसून, हाताने चाचपून पाहावे. खुंट्यावर आदळून आदळून त्यांच्या कडांना बारीक धारदार कुसळे येतात आणि ती बोट कापतात. कानशीने ती घासून टाकावी. हे काम घरातल्या मुलांना द्यावे. त्यांना ते फार आवडते.