लेकरांच्या सुट्टीचा विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या



नांगरटी उरकत आल्या, हळद शिजवून झाली, आणि मोबाईलवर समर कॅम्पच्या जाहिराती सुरू झाल्या. आधी हे पुण्या-मुंबईपुरतं होतं, आता तालुक्याच्या गावात पोचलंय. दहा दिवस, रोज दोन तास. डान्स, ड्रॉइंग, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, आणि शेवटच्या दिवशी काय, तर 'फार्म व्हिजिट'! शेतकऱ्याच्याच लेकराकडून पैसे घेऊन त्याला शेत दाखवायचं. धंदा म्हणून मानलं पाहिजे.

आता हिशोब घाला. दहा दिवसांचे एका लेकराचे तीन हजार धरा. घरात दोन लेकरं, म्हणजे सहा हजार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे हमीभाव मिळाला असं धरलं तरी एक क्विंटलपेक्षा जास्त सोयाबीन दहा दिवसांच्या नाचगाण्यात गेलं. मोंढ्यात काय भाव मिळाला ते तुम्हाला माहितीच आहे. आणि ज्याला शेतच नाही त्याचं बघा. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी होती ३१२ रुपये रोज. एका लेकराच्या कॅम्पसाठी बापानं जवळजवळ दहा दिवस खोदकाम करायचं. येण्या-जाण्याचं पेट्रोल वेगळंच.

पण खरं सांगू का, माझं भांडण कॅम्पवाल्याशी कमी आहे. तो दुकान मांडून बसलाय, घ्यायचं तर घ्या. माझं भांडण आहे ते आपल्यातल्याच लोकांशी. दर उन्हाळ्यात त्यांची पोस्ट फिरते की आमच्या वेळी कुठं होते कॅम्प, पोरांना रानात सोडा, मातीत लोळू द्या, आपोआप शिकतात. खाली लाईकचा पाऊस. वाचायला गोड आहे, पण विचार करून लिहिलेलं नाही.

पहिला प्रश्न, कुणाच्या रानात सोडायचं? गावात निम्म्या घरांना एक तर रान नाही, नाहीतर आहे ते दीड-दोन एकर कोरडवाहू. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्याचा पट्टा पडल्यावर आत्ता आत्ता गावी आलीत. त्यांची लेकरं दिवाळीपासून फडात होती. शाळेचं अर्धं वर्ष पाचटात गेलं. सुट्टी लागली म्हणून बाकीची लेकरं खूश, पण ह्या लेकरांना सुट्टीचा उपयोग काय? ह्यांना खरी गरज आहे कुणीतरी रोज दोन तास घेऊन बसण्याची. त्यांना 'मातीत लोळा' म्हणायची लाज वाटली पाहिजे.

दुसरा प्रश्न, कसलं रान? तुमच्या-माझ्या लहानपणीचं रान आता राहिलं नाही. तेव्हा विहिरीवर मोट नाहीतर इंजिन, आणि चार माणसं कायम असायची. पोरगं पाण्यात उतरलं तर कमरेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून, वर चुलता उभा. आता शेततळी झालीत. प्लास्टिकचं अस्तर, चारी बाजूंनी उतार, शेवाळ धरलेला. चांगला पोहणारा गडी आत पडला तरी त्याला वर येता येत नाही, कारण हात धरायला काही नसतं. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, कुठं एक लेकरू, कुठं दोन सख्खी भावंडं. आपण हळहळतो आणि पान उलटतो. ज्याच्याकडं शेततळं आहे त्यानं आजच चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर खुंट्याला बांधून आत सोडावेत, जुनी ट्यूब हवा भरून पाण्यावर ठेवावी आणि कुंपण करावं. अनुदान आलं नाही म्हणून थांबू नका, दोराला अनुदान लागत नाही.

कोठ्यात औषधाच्या अर्धवट बाटल्या पडलेल्या असतात. रोटाव्हेटर फिरत असतो. मोटारीच्या वायरी उघड्या असतात. आणि वर मे महिन्याचं ऊन. अकरा ते चार ह्या वेळात आपण जनावर सावलीला बांधतो, आणि लेकरू रानात सोडा म्हणतो.

तिसरा प्रश्न बायाबापड्यांना विचारा. 'रानात सोडा' म्हणजे लक्ष कुणी ठेवायचं? धसकटं वेचणाऱ्या आईनं. ती दिवसभर वाकलेली असते, त्यात लेकराकडं बघणार कधी? शेवटी ती त्याच्या हातात मोबाईल देते आणि लिंबाखाली बसवते. मग आपणच म्हणतो, पोरं मोबाईलनं बिघडली.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. उन्हाळ्याची सुट्टी हा एकेका घराचा खासगी प्रश्न नाही, तो गावाचा प्रश्न आहे. सप्त्याला, जत्रेला, बैलगाड्याच्या शर्यतीला वर्गणी निघते. दीड महिना गावातली सगळी लेकरं मोकळी असतात, विदर्भात तर त्याहून जास्त, त्याला एक रुपया निघत नाही.

आणि ह्याला लागणारं सगळं गावात पडून आहे. जागा? जिल्हा परिषदेची शाळा कुलूप लावून बंद आहे. खोल्या, पंखे, मैदान, पाण्याची टाकी सगळं आपल्याच पैशाचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. समितीनं ठराव घेऊन गुरुजींशी बोलावं, दोन खोल्या उघडून घ्याव्यात. गुरुजींना मात्र सुट्टीत राबवू नका, त्यांची सुट्टी त्यांना असू द्या.

माणसं? डी.एड. करून घरी बसलेली पोरं-पोरी प्रत्येक गावात आहेत. बारावीची परीक्षा देऊन रिकाम्या झालेल्या मुली आहेत. दोघांना महिन्याचे चार-चार हजार मानधन द्या. वर चुना, खो-खोचे दोन खांब, चार बुद्धिबळाचे पट, कागद, रंग आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. माझ्या अंदाजानं महिनाभराचे पंधरा हजार. चाळीस लेकरं धरली तर लेकरामागं ३७५ रुपये पडले. कॅम्पवाल्याचे दहा दिवसांचे तीन हजार आठवा.

पैसा? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठं गेले ते विचारा. बऱ्याच ठिकाणी खुर्च्या आणि सतरंज्या घेऊन ते संपतात. कमी पडले तर लोकवर्गणी आहेच.

आणि शिकवायचं काय? इथं कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मित्रांनी पुढं यावं. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी पाच ते साडेसहा, एवढंच. त्यात हे बघा:

एक, उगवण चाचणी. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. लेकरांनी घरचं बियाणं आणावं, शंभर दाणे मोजावेत, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळी लावून गुंडाळावेत, सावलीत ठेवून पाणी शिंपडावं. सहा-सात दिवसांनी मोजावं. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो. साठच उगवले तर किती? त्रैराशिक मांडा, पस्तीस येतं. पुस्तकातलं गणित वावरात उतरलं आणि बापाची पेरणीही वाचली.

दोन, पर्जन्यमापक. तळ आणि तोंड सारख्याच मापाची सरळ बरणी आणि एक पट्टी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वळवाचा दहा मिलिमीटर पडला तर एकरावर चाळीस हजार लिटर. हे पाचवीच्या लेकराला काढता येतं. जूननंतरही नोंद चालू ठेवली तर आपल्या शिवारात किती पडला ते मंडळाच्या आकड्यावर न विसंबता सांगता येईल.

तीन, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल. डब्याला हात न लावता, चित्र काढून शिकवा. २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. घरातलं शिकलेलं लेकरूच बापाला म्हणेल, अण्णा, हा लाल आहे, तोंड बांधा.

चार, खो-खो. सत्तावीस बाय सोळा मीटर मैदान, दोन खांब, बास. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मुलींना मैदानात आणायला एवढं पुरे आहे.

पाच, गावातलं शासनमान्य ग्रंथालय. बोर्ड आहे, अनुदान आहे, कुलूपही आहे. ते दुपारी लेकरांसाठी उघडा.

कुणी म्हणेल, म्हणजे पोरांकडून शेतीची कामंच करून घ्यायची. नाही. कायद्यानं सुट्टीत घरच्यांना हातभार लावायला परवानगी आहे, पण धोक्याचं काम नाही. आणि इथं मोजणं, लिहिणं, खेळणं आहे. खुरपं हातात द्यायचं नाही. कुणी म्हणेल, काही झालं तर जबाबदारी कुणाची? बरोबर प्रश्न आहे. पण शेततळ्यात लेकरू गेलं तेव्हा जबाबदारी कुणाची होती, हे कुणी विचारलं होतं का? नजरेसमोर, वेळेवर, हजेरी घेऊन बसलेली लेकरं जास्त सुरक्षित की वाऱ्यावर सोडलेली?

१ मेला ग्रामसभा आहे. नेहमीचे पंधरा जण जातील आणि सह्या होतील. ह्या वेळी लेकरांच्या आयांना घेऊन जा आणि तीन गोष्टी मागा. बालकल्याणाच्या दहा टक्क्यांचा हिशोब, शाळेच्या दोन खोल्या, आणि दोघांच्या मानधनाचा ठराव. तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्या. ठराव झाला तर फोटो पाठवा, इथं टाकू. नाही झाला तर कोण काय म्हणून आडवं आलं ते लिहा, तेही टाकू.