नाही म्हणणारी राज्ये

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतून भाचीचा फोन आला. बावीस वर्षे ती तिकडे आहे, तिथली नागरिक आहे, रोज गाडी चालवत कामाला जाते. तरीही तिच्या वाहन परवान्याचे काम अडले होते. पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव, सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर विद्यार्थिनी म्हणून गेली तेव्हाचे माहेरचे नाव. आणि ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत याचा पुरावा म्हणजे इथल्या नगरपालिकेने दिलेला विवाह नोंदणीचा मराठी दाखला. त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणा, असे परवाना कार्यालयात सांगण्यात आले. "मामा, तुम्ही बँकेत लोकांना असंच छळायचात का हो?" तिने विचारले. मी हसलो, पण उत्तर दिले नाही. कारण उत्तर 'हो' असे होते.

भाचीला हवा होता तो कोपऱ्यात छोटा तारा छापलेला परवाना. त्याला तिकडे 'रिअल आयडी' म्हणतात. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानात बसायचे तर हा परवाना, पासपोर्ट किंवा तशाच मान्य यादीतले दुसरे ओळखपत्र दाखवावे लागते. नसेल तर जादा तपासणी. पुढे त्या वर्षीच्या डिसेंबरात असेही जाहीर झाले, की फेब्रुवारी २०२६ पासून अशा प्रवाशाला ओळख पटवून घेण्यासाठी ४५ डॉलर मोजावे लागतील. वरवर पाहता ही एका कार्डाची गोष्ट. पण ज्या कायद्यातून हे कार्ड आले तो २००५ सालचा आहे आणि त्याची अंमलबजावणी २००८ मध्ये व्हायची होती. मधली सतरा वर्षे कुठे गेली, हा खरा मनोरंजक भाग आहे. ती वर्षे राज्यांच्या नकारात गेली.

मुळात अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्र नाही, आणि नसण्याचा त्या लोकांना अभिमान आहे. सोशल सिक्युरिटी कार्डावर १९४६ पासून १९७२ पर्यंत 'ओळख पटवण्यासाठी नाही' अशी सूचना छापलेली असे. वाहन परवाना द्यायचे काम राज्यांचे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मग ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. चौकशी आयोगाने २००४ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले, की एकोणीस अपहरणकर्त्यांपैकी एक सोडून सर्वांनी अमेरिकेतले कुठले ना कुठले ओळखपत्र मिळवले होते, काहींनी लबाडीने. परवाने देण्याचे निकष केंद्राने ठरवावेत, अशी शिफारस आयोगाने केली. ती अवाजवी होती असे कोणी म्हणणार नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने हे निकष राज्यांच्या प्रतिनिधींना बरोबर घेऊन ठरवण्याची सोयही केली होती.

ती सोय सहा महिनेही टिकली नाही. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते जेम्स सेन्सेनब्रेनर यांनी पुढे रेटलेला 'रिअल आयडी' कायदा मे २००५ मध्ये एका खर्च विधेयकाला जोडण्यात आला. ते विधेयक इराक-अफगाणिस्तानातल्या सैन्याच्या खर्चाचे आणि त्सुनामीग्रस्तांच्या मदतीचे. त्याला विरोध करणार कोण? सिनेटमध्ये या ओळखपत्रावर एकही सुनावणी झाली नाही आणि मतदान झाले १०० विरुद्ध ०. राज्यांशी चर्चेची आधीची तरतूद या कायद्याने रद्दच केली.

कायद्याची रचना मात्र चतुर होती. राज्यांनी अमुक करावे असा हुकूम वॉशिंग्टनला देता येत नाही. राज्यघटनेची दहावी दुरुस्ती आड येते. बंदूक विकत घेणाऱ्यांची तपासणी स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर लादणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये याच तत्त्वावर रद्द केली होती. म्हणून या कायद्याने राज्यांना हुकूम दिला नाही. तो एवढेच म्हणाला, की आमच्या निकषांत न बसणारा परवाना केंद्राची कार्यालये स्वीकारणार नाहीत. विमानतळाचे दार केंद्राच्या हातात. राज्याने ऐकले नाही तर शिक्षा राज्याला नाही, तिथल्या प्रवाशाला.

राज्यांना हा कावा लगेच कळला. जानेवारी २००७ मध्ये मेन या ईशान्येकडच्या छोट्या राज्याच्या विधिमंडळाने आम्ही हा कायदा राबवणार नाही असा ठराव केला. वरच्या सभागृहात ३४ विरुद्ध ०, खालच्या सभागृहात १३७ विरुद्ध ४. मग माँटाना, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलिना, ओक्लाहोमा अशी रांग लागली. वीसहून अधिक राज्यांनी विरोधाचे ठराव किंवा कायदे केले. माँटानाचे गव्हर्नर ब्रायन श्वाइट्झर डेमोक्रॅट, साउथ कॅरोलिनाचे मार्क सॅनफर्ड रिपब्लिकन. नागरी स्वातंत्र्यवाले डावे आणि बंदुकीचा हक्क मागणारे उजवे एकाच बाकावर बसलेले दिसले.

कारणे सगळी उदात्त नव्हती. २००६ मध्ये राज्यांच्या संघटनांनी पाच वर्षांचा खर्च ११ अब्ज डॉलर काढला होता आणि केंद्राने देऊ केलेला पैसा त्यापुढे चिल्लर होता. पण पैशाच्या मागे दुसरी धास्तीही होती. प्रत्येक नागरिकाचे जन्मदाखले आणि फोटो साठवायचे, आणि राज्याराज्यांच्या नोंदवह्या एकमेकींना जोडायच्या. परवाना राज्याचा, पण वही देशाची. राष्ट्रीय ओळखपत्र हे नाव न घेता राष्ट्रीय ओळखपत्र आणण्याचा हा प्रकार आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते.

२००८ चा वसंत ऋतू तर प्रहसनासारखा गेला. मुदतवाढ हवी असेल तर ३१ मार्चपर्यंत अर्ज करा, नाहीतर मे महिन्यापासून तुमच्या लोकांचे परवाने विमानतळावर चालणार नाहीत, असा निरोप वॉशिंग्टनहून गेला. माँटानाने अर्ज केला नाही. आम्ही हा कायदा पाळणार नाही, पण आमचे परवाने मुळातच सुरक्षित आहेत, एवढेच त्यांनी कळवले. गृहसुरक्षा खात्याने त्या पत्रालाच अर्ज मानून मुदतवाढ देऊन टाकली! आम्ही घोडा पाठवला, त्याला ते झेब्रा म्हणत असतील तर त्यांची मर्जी, अशा अर्थाचे श्वाइट्झर बोलले. एका राज्याच्या लोकांना विमानात न बसू देण्याची धमकी देणे सोपे आणि अमलात आणणे अवघड, हे दोन्ही बाजूंना कळून चुकले होते. त्यानंतर मुदती पुढे पुढे जात राहिल्या. २०२० मध्ये करोनाचे निमित्त मिळाले, आणि अखेर मे २०२५ उजाडला.

तीस-एक वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे ओळख तपासण्याचे काम केले. आमच्या उमेदीच्या काळात खाते उघडायला जुन्या खातेदाराची परिचयाची सही लागे. पुढे कागदपत्रे आली, रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम आले. एक गोष्ट मी त्या खुर्चीत शिकलो. खऱ्या माणसाचे कागद सहसा जुळत नाहीत. रेशनकार्डावर 'सखुबाई', मतदार यादीत 'सखूबाई', पेन्शनच्या कागदावर 'सखाबाई'; जन्मतारीख बहुधा १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिलेली. ज्यांनी पुढे बँकेला बुडवले त्यांचे कागद मात्र नेहमी चोख जुळत. तपासणी नकोच असे मी म्हणणार नाही. ती नसती तर आणखी बुडालो असतो. पण नियम एका टेबलावर बसून केला, की त्याचा काच आधी कोणाला बसतो हे मी पाहिले आहे. लग्नात नाव बदललेल्या बायका, घरी जन्मलेले म्हातारे, पत्ता नसलेले गरीब. अमेरिकेतही हीच मंडळी अडली. भाची त्यांतली सुखवस्तू. भाषांतराचे पैसे भरू शकणारी.

बंडाचा शेवट वीरश्रीचा झाला नाही. विमानतळावर परवाने नाकारण्याची तारीख जानेवारी २०१८ अशी ठरल्यावर २०१७ या एका वर्षात मेन, माँटाना, मिनेसोटा, मिझुरी, ओक्लाहोमा, साउथ कॅरोलिना यांनी आपापले विरोधाचे कायदे मागे घेतले किंवा वाकवले. मिनेसोटाचा परवाना त्याआधीच सैनिकी तळांच्या फाटकावर नाकारला जात होता. राज्ये तत्त्वासाठी दहा वर्षे उभी राहिली. आपल्या मतदाराला विमान चुकेल म्हटल्यावर बसली. केंद्राचा हिशेब बरोबर ठरला.

मग हा सगळा खटाटोप फुकट गेला का? मला तसे वाटत नाही. शरण जाताना बहुतेक राज्यांनी तारा असलेला परवाना नागरिकाच्या मर्जीवर ठेवला. ज्याला नको त्याला जुन्या पद्धतीचा परवाना मिळतो; केंद्राच्या कामासाठी तो चालणार नाही अशा अर्थाची ओळ त्यावर असते इतकेच. मूळ कायद्यात ही फट होतीच, राज्यांनी तिचे दार केले. दहा वर्षांच्या खर्चाचा केंद्राचा स्वतःचा अंदाज २००७ मध्ये २३ अब्ज डॉलर होता. २००८ च्या अंतिम नियमांत सवलती देऊन तो १० अब्जांच्या आत आणला गेला. आणि जी चर्चा सिनेटने टाळली, ती वीस-पंचवीस विधिमंडळांत उघडपणे झाली.

राज्यांच्या हक्कांची ही भाषा नेहमीच निर्मळ असते असे नाही. १९५७ मध्ये आर्कान्सोच्या गव्हर्नरांनी काळ्या मुलांना शाळेत शिरू न देण्यासाठी हीच भाषा वापरली होती. म्हणजे राज्याचा नकार हे हत्यार आहे. ते कोणासाठी उचलले हे पाहावे लागते. पण हत्यारच नसेल तर?

हा प्रश्न मला आपल्या संदर्भात पडतो. देशातले पहिले आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. तेव्हा त्यामागे कायदा नव्हता. तो आला २०१६ मध्ये, आणि आला तो धन विधेयक म्हणून. म्हणजे राज्यांची सभा म्हणवणाऱ्या राज्यसभेला त्यावर सूचना करता आल्या, अडवता आले नाही. तिच्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या. पुढच्या वर्षी पश्चिम बंगाल सरकार आधारसक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा संसदेच्या कायद्याला राज्य आव्हान कसे देऊ शकते, मुख्यमंत्र्यांनी व्यक्ती म्हणून यावे, असे न्यायालयाने सुनावले. २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा टिकला, बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती गेली. ती मिळवली व्यक्तींनी, वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून.

आपली घटना वेगळी आहे आणि फाळणीनंतर बळकट केंद्राची निवड घटनाकारांनी विचारपूर्वक केली, हे मला मान्य आहे. आधारमुळे ज्यांच्या खात्यात पैसे थेट जमा झाले अशी माणसेही मी पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच, की नागरिकाला एकट्याने 'नाही' म्हणणे फार महाग पडते. त्याच्या वतीने थांबा, आधी बोलू, असे म्हणणारे कोणीतरी मध्ये असावे लागते. अमेरिकेत ते काम एकेकाळी मेनसारख्या चिमुकल्या राज्याने केले. शेवटी हरले, तरी केले.

भाचीला जुलैमध्ये कार्ड मिळाले. फोटो पाठवला होता. ताऱ्याशेजारी नाव छापले आहे, त्यात आडनावाचे एक अक्षर चुकले आहे. दुरुस्तीला पुन्हा तोच दाखला मागतील म्हणून तिने ते तसेच ठेवले आहे.