भोंगा आणि लपवलेला फोन

पूर येणार, वादळ येणार, दरड कोसळणार, हे ज्यांस आगाऊ कळू शकते त्यांनी ते इतरांस वेळेवर सांगावे, हा राज्यकारभाराचा पहिला धर्म होय. रायगड जिल्ह्यातील तळिये गाव २०२१ च्या जुलैत दरडीखाली गाडले गेले आणि २०२३ च्या जुलैत त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर रात्री डोंगर उतरला. या दोन घटना आठवल्या म्हणजे वेळीच मिळालेल्या सूचनेचे मोल कोणास पटवून द्यावयास नको. म्हणून मोबाईल फोनवर संकटाचा भोंगा वाजविण्याची जी योजना आज अनेक देशांत चालू झाली आहे, तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्या भोंग्याचा आवाज सर्व घरांत सारखा पडत नाही. काही घरांत तो प्राण वाचवितो, तर काही घरांत तोच आवाज एखाद्या स्त्रीच्या प्राणावर बेतू शकतो. या दुसऱ्या प्रकारच्या घरांविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

२३ एप्रिल २०२३ या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास ब्रिटनमधील कोट्यवधी फोन एकाच वेळी ओरडू लागले. ही सरकारने घेतलेली पहिली देशव्यापी चाचणी होती. सुमारे दहा सेकंद भोंगा वाजावा, फोन थरथरावा आणि पडद्यावर संदेश उमटावा, अशी योजना होती. फोन सायलेंटवर असला तरी हा आवाज होतो, कारण झोपलेल्या माणसासही जागे करावे हाच त्याचा हेतू आहे. या सूचनेसाठी सरकारजवळ कोणाचा फोन नंबर असावा लागत नाही. एखाद्या भागातील मनोऱ्यांवरून संदेश प्रसृत केला जातो आणि त्या मनोऱ्यांच्या टप्प्यात असलेला प्रत्येक योग्य फोन तो ऐकतो. संदेश कोणास मिळाला, तो मनुष्य कोठे उभा होता, याची नोंदही तेथे होत नाही. ही गोष्ट आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावी. या योजनेत सरकारची पाळत आहे अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. भीतीचे कारण घराच्या आत आहे.

ज्या घरात पती पत्नीस मारतो, त्या घरात तो बहुधा तिचा फोनही आपल्या ताब्यात ठेवतो. कोणाशी बोललीस, माहेरी काय कळविलेस, हे तो रोज तपासून पाहतो. कित्येकदा फोन फोडला जातो किंवा काढून घेतला जातो. अशा स्थितीत एखादी बहीण किंवा मैत्रीण त्या स्त्रीस गुपचूप दुसरा फोन देते. त्या फोनवरून ती मदत मागते, वकिलाशी बोलते, मुलांना घेऊन केव्हा व कोठे निघावयाचे ते ठरविते. बाहेर जाण्याचा तिचा तो एकमेव दरवाजा असतो. अशा घरात पती समोर बसला असताना कपाटातून किंवा कोनाड्यातून एकाएकी भोंगा वाजू लागला, तर काय होईल, हे आम्ही विस्ताराने सांगावयास नको. अत्याचारी मनुष्याचा हात सर्वांत जड पडतो तो ती घर सोडून जात आहे असा त्यास संशय आल्यावर, असा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा सर्वत्र अनुभव आहे.

ब्रिटनमधील स्त्रियांच्या संस्थांनी ही गोष्ट चाचणीपूर्वीच उघडपणे मांडली. तेथे १९७१ पासून पीडित स्त्रियांना आश्रय देणाऱ्या ‘रेफ्यूज’ या संस्थेने भोंग्यामुळे लपविलेले फोन उघडकीस येतील असा इशारा दिला आणि सूचना कशी बंद करावी याची माहिती स्त्रियांपर्यंत पोहोचविली. सरकारनेही अशा स्त्रियांसाठी वेगळे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आणीबाणीच्या सूचना बंद कराव्यात, अथवा त्या वेळी फोन पूर्ण बंद ठेवावा, असे त्यात सांगितले होते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी सुमारे ८ कोटी ७० लाख उपकरणांवर दुसरी चाचणी झाली, तेव्हाही हे मार्गदर्शन पुन्हा देण्यात आले. पीडितांनी आणि त्यांच्या संस्थांनी बोलावे आणि सरकारने ऐकावे, ही लोकशाहीची रीत तेथे पाळली गेली, हे मान्य केले पाहिजे.

तथापि तेवढ्याने काम भागले असे नव्हे. पहिल्या चाचणीत कित्येकांचे फोन ठरल्या वेळेच्या मिनिटभर आधीच वाजले. घड्याळाकडे पाहत अगदी तीन वाजता फोन बंद करावयाचा असे जिने ठरविले असेल, तिची त्या एका मिनिटाने काय गत झाली असेल? अमेरिकेची अडचण वेगळी आहे. तेथे ४ ऑक्टोबर २०२३ रोजी राष्ट्रीय चाचणी झाली. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे इतर सूचना बंद ठेवता येतात, परंतु राष्ट्रीय सूचना बंद ठेवण्याची सोय नाही. म्हणजे फोन पूर्ण बंद करून ठेवणे हाच उपाय उरला. त्यातही मनोऱ्यांवरून तो संदेश सुमारे अर्धा तास प्रसृत होत राहणार होता. पाच मिनिटांनी फोन पुन्हा चालू करणारी स्त्री त्यात सापडण्याची भीती होती. यंत्र रचणाऱ्याच्या मनात आले नाही असे एवढेसे तपशीलच दुर्बळाच्या वाट्यास मोठे संकट होऊन येतात.

कोणी म्हणेल की लाखोंचे प्राण वाचविणाऱ्या योजनेत मूठभर स्त्रियांचा एवढा विचार कशास? या युक्तिवादाशी आपल्या समाजाची जुनी ओळख आहे. बहुसंख्यांच्या सोयीसाठी अल्पसंख्यांनी सोसावे, असे आपणांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. ज्याचा आवाज लहान त्याचे दुःखही लहान, असे हे गणित आहे, आणि ते आम्हांस मुळीच मान्य नाही. शिवाय या स्त्रिया मूठभर आहेत हेही खरे नव्हे. आपल्या देशातील २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या स्त्रिया केवळ १४ टक्के निघाल्या. स्वतः वापरता येईल असा मोबाईल फोन ज्यांच्याजवळ आहे अशा स्त्रियांचे प्रमाण त्याच पाहणीत ५४ टक्के होते. या तीन आकड्यांचा अर्थ उघड आहे. मार खाणाऱ्या पुष्कळ, मदत मागणाऱ्या थोड्या, आणि मागावयाचे साधन हाती असलेल्या जेमतेम निम्म्या. अशा देशात एका स्त्रीजवळचा गुप्त फोन किती मोलाचा, याचा विचार वाचकांनीच करावा.

हा प्रश्न केवळ परदेशचा नाही, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. २०२३ साली आपल्या देशातही दूरसंचार विभागाने याच पद्धतीच्या चाचण्या घेतल्या. अनेकांचे फोन एकाएकी ओरडू लागले आणि हा केवळ नमुन्याचा संदेश आहे, दुर्लक्ष करावे, असे शब्द पडद्यावर उमटले. पुष्कळांस तो आवाज ऐकूनच प्रथम अशा योजनेचा पत्ता लागला. ज्या घरात धोका नाही तेथे त्या दिवशी हसण्याचा विषय झाला. जेथे धोका आहे तेथे काय झाले, याची विचारपूस झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो व तो टाळून चालणार नाही. सूचना बंद करा, एवढाच सल्ला पीडित स्त्रीस दिला, तर उद्या खराखुरा पूर आला असता तिला कोण जागे करील? नदीकाठची वस्ती, डोंगराखालची वाडी, नाल्यालगतची झोपडपट्टी, येथे आपलेच लोक अधिक राहतात. पतीच्या भीतीने भोंगा बंद करावा आणि पुराच्या भीतीने तो चालू ठेवावा, अशा कात्रीत तिला ढकलणे हा न्याय नव्हे. म्हणून सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत.

पहिली मागणी अशी की, प्रत्येक चाचणीची तारीख व वेळ पुरेशी आधी जाहीर व्हावी, संदेश किती वेळ प्रसृत होत राहील हेही सांगावे आणि फोन कसा मुका करावा याची माहिती मराठीत, सोप्या शब्दांत द्यावी. ही माहिती केवळ वर्तमानपत्रांतून देऊन चालणार नाही, कारण ते वर्तमानपत्र पतीही वाचतो. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गट, दवाखाने, जेथे स्त्री एकटी भेटते तेथे ती पोहोचली पाहिजे. दुसरी मागणी अशी की, संदेश पडद्यावर उमटावा पण आवाज व थरथर होऊ नये, अशी निवड प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक सूचनेसाठी, सहज सापडेल अशा जागी असावी. म्हणजे सूचनाही मिळेल आणि गुपितही राहील. तिसरी मागणी अशी की, अशा योजना आखताना पीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आरंभीच विचारावे. योजना अमलात आल्यावर त्यांचे म्हणणे ऐकण्यात काय अर्थ?

राज्यसंस्थेने मनावर घेतले तर आवाज न करताही मदत मिळविता येते, याचे उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. तेथे मोबाईलवरून ९९९ हा क्रमांक फिरविल्यावर बोलणे अशक्य असेल, तर विचारले जाताच ५५ दाबावे, म्हणजे फोन पोलिसांकडे जोडला जातो. आपल्याकडे ११२ हा आणीबाणीचा व १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा क्रमांक आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरली असता आणि स्मार्टफोनवर पॉवरची कळ लागोपाठ तीनदा दाबली असता ११२ ला हाक जावी, अशी तरतूद २०१६ च्या नियमांनी केली आहे. मात्र काही फोन अशी हाक देताना स्वतःच मोठा आवाज करतात. तो आवाज होतो किंवा नाही, हे सेटिंगमध्ये आधीच पाहून ठेवावे.

आता दोन शब्द आपल्या वाचकांशी. गुप्त फोन कोठे ठेवावा, हे आम्ही या अंकात लिहिणार नाही. हा अंक घरात ज्याच्या हाती पडेल तो तो वाचील, आणि तो कोण असेल हे आम्हांस ठाऊक नाही. भगिनींनी तो विचार आपल्या विश्वासातील स्त्रीशी तोंडी करावा. परंतु कायदा काय सांगतो हे सर्वांनी वाचावे, पुरुषांनी तर अवश्य वाचावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. विवाह बौद्ध पद्धतीने लागला असो वा नोंदणी कचेरीत, त्याने फरक पडत नाही. मारहाणच नव्हे, तर लैंगिक छळ, शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी हीदेखील या कायद्याने हिंसाच ठरते. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क कायदा मान्य करतो. तिला फोन करून त्रास देण्यासही दंडाधिकारी मनाई करू शकतात, आणि असा हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

त्याच कायद्यात शेजाऱ्यांसाठी एक मोलाची तरतूद आहे. अत्याचार होत आहे असे ज्यास वाटते असा कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो, आणि सद्‌भावनेने कळविणाऱ्यावर कसलाही दावा वा खटला चालत नाही. तेव्हा ‘त्यांच्या घरातील गोष्ट, आपण कशाला पडा’ ही सबब यापुढे कोणी पुढे करू नये. मात्र कळविण्यापूर्वी शक्य असेल तर तिचे मत घ्यावे. तिच्या घरातला धोका तिच्याइतका दुसऱ्या कोणास कळत नाही, आणि उतावळी मदतही भोंग्यासारखीच घातक ठरू शकते. चाचणीचा दिवस जवळ आला म्हणजे महिला मंडळातील जाणत्या स्त्रियांनी वस्तीतील भगिनींना ही माहिती एकेकीस गाठून सांगावी. सर्वांनाच सांगितले म्हणजे कोणा एकीवर संशय येत नाही.

आणि ज्या पुरुषाच्या घरात पत्नीस फोन लपवावा लागतो, त्याने तो शोधण्यापूर्वी, तो लपवावा का लागला, हा प्रश्न स्वतःस विचारावा. समाजाच्या सभेत समतेवर भाषण करावयाचे आणि घरी आल्यावर पत्नीच्या फोनची झडती घ्यावयाची, हा दुटप्पीपणा आपल्या वस्तीत चालू देता कामा नये. संकटाचा भोंगा केव्हा वाजवावा हे सरकारच्या हाती आहे. तो वाजला असता आपल्या घरातील कोणीही भीतीने दचकू नये, असे घर ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.