कॅमेऱ्याची चाहूल



गेल्या पंधरवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक माता आपल्या मुलाचा मोबाइल हाती घेऊनच मजकडे आली. मुलगा नोकरीनिमित्त दर आठवड्यास बेळगावहून पुण्यास स्वतःच्या मोटारीने जातो आणि शनिवारी रात्री परततो. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्याच्या नावे दोनदा दंडाचे चलन आले, तेव्हा कॅमेरा जवळ येताच इशारा देणारे सॉफ्टवेअर बसवून घेण्याचे त्याने मनावर घेतले. ‘‘फादर, हे बसविणे पाप आहे काय, तेवढे सांगा,’’ ती म्हणाली, ‘‘आणि पाप नसेल तर नीट बसवून तरी द्या, त्याला ते जमत नाही.’’ दोन्ही मागण्या एका श्वासात आल्याने मला हसू आवरेना. तिला मात्र हसू आले नाही. तिचे यजमान याच महामार्गावर गेले, हे मला जरा उशिराच आठवले.

रविवारी दुपारी आम्ही तिघे जेवणाच्या मेजाभोवती बसलो.

प्रथम त्या यंत्राची जात ओळखून घेतली पाहिजे. जीपीएस म्हणजे इंटरनेट, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नव्हे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह अखंड वेळेचे संकेत पाठवीत असतात. मोबाइल त्यांतील किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकतो व प्रत्येक संकेत पोहोचावयास किती वेळ लागला यावरून आपण कोठे आहोत हे ठरवितो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापरासाठी हा संकेत मुद्दाम अंधुक करीत असे. ते बंद झाले म्हणूनच आज एखादे ॲप आपल्या मोटारीस रस्त्याच्या वळणावर अचूक पकडू शकते. इंटरनेट लागते ते नकाशासाठी. म्हणून निघण्यापूर्वी घरीच त्या प्रदेशाचा नकाशा मोबाइलात उतरवून ठेवावा. घाटात जेथे मोबाइलचे जाळे तुटते तेथेही मग मार्ग दिसत राहतो.

कॅमेरा मात्र उपग्रहाला दिसत नाही. ॲपजवळ ठाऊक असलेल्या कॅमेऱ्यांच्या ठिकाणांची एक यादी असते. आपली जागा व दिशा त्या यादीशी जुळली की ते बोलते, इतकेच. यादी जुनी असेल तर इशाराही जुना. रस्त्याच्या कडेस आज सकाळी येऊन उभी राहिलेली पोलिसांची गाडी, कोणी प्रवाशाने तिची वर्दी दिली नसेल तर, त्यात मुळीच नसते. उड्डाणपुलाखालचा सेवारस्ता आणि वरचा महामार्ग यांचीही कधी गल्लत होते, व ॲप वरच्या रस्त्यावर खालची वेगमर्यादा सांगू लागते. अशा वेळी रस्त्यावरील फलकच खरा मानावा.

आता बसविण्याविषयी. त्या मुलाने एका मित्राने संदेशातून पाठविलेल्या दुव्यावरून एक ॲप उतरविले होते, आणि ते त्याच्याजवळ संपर्कयादी व संदेश वाचण्याची परवानगी मागत होते. कॅमेऱ्याची सूचना देणाऱ्यास आमचे संदेश कशास हवेत? बँकेचा सांकेतिक अंक संदेशातूनच येतो, हे लक्षात घेतले की उत्तर आपोआप मिळते. खोट्या चलनाच्या नावाखाली अशी ॲपे पाठवून पैसे लुबाडण्याचे प्रकार आपल्याकडे सर्रास घडत आहेत. ते काढून टाकणे हे आमचे पहिले काम झाले. ॲप घ्यावयाचे ते मोबाइलच्या अधिकृत दुकानातूनच. गुगल मॅप्समध्ये भारतातही २०१९ पासून कॅमेऱ्यांची चिन्हे दिसू लागली आहेत. मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे मॅपल्सही अशा सूचना देते. वेगळे काही शोधीत बसण्याचे कारण नाही.

मग सेटिंगमध्ये जाऊन स्थानाची परवानगी दिली, ती ‘ॲप वापरीत असतानाच’ एवढीच. मात्र ‘अचूक स्थान’ चालू ठेवले, कारण ते बंद असेल तर मोबाइल आपल्याला केवळ परिसर सांगतो, रस्ता नव्हे. मार्गदर्शनाच्या विभागात वेगदर्शक व वेगमर्यादा या दोन्ही कळी चालू केल्या. आवाजाची जी पर्यायसूची असते, तीत ‘फक्त सूचना’ हा पर्याय निवडला, म्हणजे प्रत्येक वळणावर बडबड न होता महत्त्वाचे तेवढेच ऐकू येते. बॅटरी वाचविण्याच्या नादात मोबाइल कधी ॲपलाच झोपवितो; म्हणून त्या ॲपपुरती ती बचत बंद केली. शेवटी मोबाइलसाठी मोटारीत एक घट्ट पकड बसविली, समोरील रस्ता झाकणार नाही अशी खाली, डाव्या बाजूस. आमच्या मोटारसायकलवाल्या तरुणांस एक गोष्ट सांगून ठेवतो: इंजिनाच्या तीव्र कंपनांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यास इजा पोहोचू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ साली दिला आहे.

कायद्याचे म्हणाल तर ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी वाहन चालविताना मोबाइलचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, मान्य केला आहे. ठिकाण टाइप करावयाचे ते मोटार उभी असताना. परदेशी जाणाऱ्यांनी अधिक सावध असावे. जर्मनीत चालकाने अशी इशारा देणारी सोय वापरणे हाच गुन्हा आहे. आपल्याकडे उलट, २०२१ च्या नियमांनी कॅमेऱ्याआधी सूचनाफलक लावण्याचे बंधन सरकारवरच घातले. तेव्हा कॅमेरा पुढे आहे हे चालकास कळणे यात काही चोरी नाही.

‘‘म्हणजे पाप नाही!’’ मुलगा आनंदाने म्हणाला. मी त्याला थोडे थांबविले.

सेमिनरीत आम्हांस एक जुना वाद शिकविला जाई. काही कायदे केवळ दंडापुरते असतात, सापडल्यास दंड भरला की सदसद्विवेक मोकळा, असे काही नीतिशास्त्रज्ञ मानीत. वाहतुकीचे नियम या खणात टाकणे फार सोयीचे होते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, करचुकवेपणाच्या जोडीला, वेगमर्यादेच्या नियमांचीही नावानिशी आठवण केली आहे: त्यांना क्षुल्लक लेखणारा स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो. इतक्या मोठ्या परिषदेस मोटारीच्या वेगाची दखल घ्यावीशी वाटली, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

गंमत अशी की, वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा जनक मॉरिस गात्सोनिडेस हा डच गृहस्थ स्वतःच शर्यतीचा मोटारचालक होता. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती, आणि आपण वळणावर अधिक वेगाने कसे जाऊ शकू हे मोजण्यासाठी त्याने ते यंत्र रचले! कॅमेऱ्यापुरता वेग उतरवून पुढे पुन्हा वाढविणाऱ्यांना त्याच्या वारसदारांनीच अडविले आहे. दोन ठिकाणी वेळ नोंदवून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढणाऱ्या कॅमेऱ्यांपुढे ती युक्ती चालत नाही.

हे सारे त्या मुलाने निमूट ऐकले. मग मी त्याला विचारले, ‘‘दोन चलनांचे मिळून किती भरलेस?’’ कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये दंड ठेवला आहे. आकडा सांगावयास तो तयार होता. पण आई मध्येच म्हणाली, ‘‘पैशांचे जाऊ द्या, फादर. रात्री दोनला फाटक वाजेपर्यंत मी जागी असते, तेवढे त्याला सांगा.’’

तो बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिला. नंतर त्याने स्वतःच आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती: आपला प्रवास आईच्या मोबाइलवर थेट दिसत राहील अशी सोय, नकाशातीलच, त्याने चालू करून दिली. गेल्या शनिवारी तो शिरोली ओलांडून कोल्हापुरापुढे आला तेव्हाच तिला झोप लागली, असे तिने मिस्सेनंतर मला सांगितले.